मॅरियनबाईंचा रुबार्ब

वेदांतने मुलीचं नाव सांगितलं तेव्हा अंबिकाला वाटलं, पोरगा कशावर तरी वैतागलाय.

"काय म्हणालास?"

"आयला. दॅट्स हर नेम, आई."

शशिकांत ओट्यापाशी चहा गाळत होते. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. हसावं की गंभीर व्हावं, दोघांनाही कळेना. वेदांतने मग फोनवर स्पेलिंग दाखवलं. मधल्या एसचा उच्चार का करत नाहीत, हे त्यालाही सांगता आलं नाही. तिकडे स्कॉटलंडमध्ये हे अगदी चारचौघींसारखं नाव आहे, एवढंच तो इंग्रजीत म्हणाला. मराठी त्याला सगळी कळायची, पण शाळेत जायला लागल्यापासून तो उत्तर इंग्रजीतच द्यायचा. आता तर ॲबरडीनला नोकरी लागून त्याला तीन वर्षं होत आली होती, सुट्टीला तेवढा घरी यायचा.

त्याच संध्याकाळी अंबिकाने नाशिकला मोठ्या बहिणीला, रत्नप्रभाला, फोन लावला.

"ताई, वेदांतने मुलगी पसंत केलीय."

"अगंबाई! नाव काय?"

"आयला."

"शिव्या काय देतेस? नाव सांग ना."

खुलासा झाल्यावर ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "मग लग्न कधी?" वेदांतने लग्न हा शब्दच काढला नव्हता. 'वी आर टुगेदर' म्हणाला होता. ते साखरपुडा झाल्यासारखं धरायचं की नुसती ओळख समजायची, हे मुलाला विचारायचं कसं, तेही तिला सुचलं नव्हतं.

मुलीच्या आईने मात्र त्याच्याबरोबर भेट पाठवली होती. गुलाबी जॅमची बरणी आणि साध्या पांढऱ्या पाकिटात मूठभर बिया. अंबिकाने जॅम बोटावर घेऊन चाखला. साखरेच्या आडून जिभेला झिणझिण्या आणणारा ओळखीचा आंबटपणा वर आला.

"अहो, हा तर आपला चुका!"

"रुबार्ब," वेदांत म्हणाला. आयलाच्या आईच्या परसात तो आपोआप वाढतो आणि त्याच्या दांड्यांचा जॅम करतात, अशी माहिती त्याने दिली. बिया कशाला पाठवल्या, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने बहुधा कधीतरी सांगितलं असावं, की माझ्या आईला बागेचं वेड आहे.

वेड म्हणजे फार मोठं नव्हे. शशिकांत तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आणि कतारमधल्या दुखानच्या वसाहतीत त्यांना मिळालेलं घर बैठं होतं. मागे भिंतीने वेढलेलं अंगण. तिथे वाळूत खड्डे करून, दोह्याहून मातीच्या आणि खताच्या गोण्या आणून अंबिकाने कढीलिंब, शेवगा आणि मोगरा जगवला होता. दरवर्षी थंडीत मेथी-कोथिंबीर व्हायची. जूनमध्ये सगळं करपायचं, ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू करायची.

वेदांत परत गेला आणि पहिल्या शनिवारी त्याने आयाआयांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या, गालांवर लाली असलेल्या एक उंच बाई दिसल्या. त्या मॅरियन. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी एकुलती एक, गावातल्या शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त. एवढं अंबिकाला आधीच माहीत होतं म्हणून बरं, कारण मॅरियनबाईंच्या बोलण्यातलं निम्मं तिला कळलं नाही. ऑफिसच्या पार्ट्यांमधलं इंग्रजी तिला व्यवस्थित यायचं, पण या बाई शब्द गिळत होत्या आणि मध्येच कुठला तरी भलताच शब्द काढत होत्या. अंबिका मान हलवत राहिली. पलीकडून मॅरियनबाईही मान हलवत होत्या. त्यांनाही आपलं निम्मंच कळतंय, हे अंबिकाच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

बियांपाशी मात्र दोघींची गाडी रुळावर आली. बी रात्रभर भिजवायचं, उथळ ट्रेमध्ये पेरायचं, खत भरपूर, ऊन कमी. "पण हे थंडीचं झाड आहे," मॅरियनबाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. "आमच्याकडे त्याच्यावर बर्फ पडतो. तुमच्याकडे जगेल असं मला वाटत नाही."

हे वाक्य अंबिकाला पूर्ण कळलं आणि चांगलंच लागलं.

पहिली पेरणी तिने घाईने केली. रोपं एसीत ठेवली तर दोऱ्यासारखी लांब वाढून आडवी झाली, बाहेर ठेवली तर एका दुपारीत वाळली. दुसरी पेरणी तिने उकाडा उतरल्यावर केली. घराच्या पूर्वेच्या भिंतीला, जिथे सकाळचंच काय ते ऊन लागतं, तिथे मोठे टब मांडले, वर हिरवी जाळी बांधली. या वेळी रोपं टिकली. आधी गोल गोल पानं आली, मग ती सुरकुतत मोठी झाली, आणि देठांच्या बुडाशी लाली दिसायला लागली. दर शनिवारी ती फोटो पाठवायची आणि दर शनिवारी मॅरियनबाई फोन करायच्या. वेदांतला मध्ये असण्याची गरज उरली नाही.

एकदा तिने त्यांना विहीण हा शब्द शिकवला. मुलाची आई आणि मुलीची आई एकमेकींच्या कोण, त्याचा शब्द. मॅरियनबाईंना तो फारच आवडला. इंग्रजीत यासाठी काहीच नाही, त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या मेसेजच्या खाली सही करायला लागल्या, 'युअर वीहीन'. अंबिकाने तो मेसेज ताईला पाठवला. ताईने विचारलं, "पण ठरलंय का नक्की?" अंबिकाने तिला रुबार्बचा फोटो पाठवला.

फेब्रुवारीत पानं ताटाएवढी झाली. एका शुक्रवारी, सुट्टीचा दिवस म्हणून, अंबिकाने चार-पाच मोठी पानं खुडली, देठ जॅमसाठी बाजूला काढले आणि पानांची पातळ भाजी केली. चुक्याची करतात तशीच, डाळ-दाणे घालून, वरून लसणाची फोडणी. मुळ्याचा मुळा खातो तसा पालाही खातो, मग इथे वेगळं काय असणार? तिचा स्वतःचा त्या दिवशी चतुर्थीचा उपास होता. शशिकांत दोन वाट्या जेवले.

"आंबट आहे जरा. गूळ कमी पडलाय," ते म्हणाले आणि आडवे झाले.

तिने कढईचा फोटो मॅरियनबाईंना पाठवला. मिनिटभरात फोन वाजला.

"डिन्ने ईट द लीव्ज!" मॅरियनबाई ओरडत होत्या. "अँबिका! डिन्ने!"

"नाही नाही, डिनर नाही," अंबिका हसून इंग्रजीत म्हणाली. "लंच. लंच झालंसुद्धा."

पलीकडे किंचाळल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा तेच, डिन्ने, डिन्ने. अंबिकाला वाटलं, लवकर खुडलं म्हणून बाई रागावल्यात. फोन कट झाला आणि त्याच क्षणी मेसेज आला. मोठ्या अक्षरांत एकच शब्द. पॉयझन.

आतून शशिकांतांनी हाक मारली. त्यांच्या घशाची आग होत होती आणि पोटात ढवळत होतं.

वसाहतीतल्या दवाखान्यात सुट्टीच्या ड्युटीवर डॉक्टर आफताब होते, पाकिस्तानातल्या क्वेट्याचे. शशिकांतांना तोवर दोनदा उलटी झाली होती. काय खाल्लं, या प्रश्नावर अंबिका आधी चुका म्हणाली, मग रुबार्ब म्हणाली, मग दोन्ही नाही म्हणाली, आणि शेवटी तिने फोनमधला झाडाचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ये तो रवाश है! हमारे यहाँ बहार में ठेलों पर बिकता है। नमक लगाके खाते हैं।" मग ते एकदम थांबले. "पत्ते पकाए आपने? पत्ते?"

"जी," अंबिका म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं.

"भाभीजी, डंडी खाते हैं। पत्ते तो बकरी भी नहीं खाती।"

त्यांनी सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दोन वाट्यांनी जिवाला धोका नव्हता. पातेलंभर खाल्लं असतं तर मूत्रपिंडाचं बघावं लागलं असतं, ते म्हणाले. घरी परतताना शशिकांत गाडीत सीट मागे टाकून पडले होते. मग म्हणाले, "उपटून टाक ते."

"टाकते," ती म्हणाली.

पण रात्री मॅरियनबाईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. डिन्ने म्हणजे आमच्याकडचं 'डोन्ट', पहिल्याच कॉलमध्ये मी पानांबद्दल सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, तुम्ही मान हलवलीत म्हणून मला वाटलं, कळलं. शशिकांतांनी फोन हातात घेतला आणि आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं. परदेशातली एक बाई आपल्यासाठी रडतेय, यानं ते पार गोंधळून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडाचा विषय काढला नाही आणि झाड राहिलं.

याच सुमारास ठरलं, की मार्चअखेरीस, ईदच्या सुट्टीला लागून, मॅरियनबाई आणि आयला दोघींनी दुखानला यायचं. वेदांतही तेव्हाच येणार होता. तिकिटं झाली. अंबिकाने पाहुण्यांच्या खोलीला नवे पडदे शिवले. आता काहीतरी ठरणार, अशी तिची खात्री झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीला वेदांतचा फोन आला.

"आई, ऐक ना. तू बसली आहेस का?"

तो मराठीत बोलतोय हे कानावर पडताच ती खाली बसली.

"आयला आणि मी आता एकत्र नाही आहोत," तो म्हणाला. शब्द शोधत, अडखळत म्हणाला. "झालं ते संपलं. कोणाचं चुकलं नाही. प्लीज विचारू नकोस."

"भांडलात का?"

"नाही."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही गं आई."

"मग झालं काय?"

मग तो इंग्रजीत म्हणाला, की मी तिकीट रद्द केलंय, आणि तिच्या आईला आता फोन करू नकोस, ते विचित्र दिसेल.

शशिकांतांनी सगळं ऐकून घेतलं. "मग खलास," ते म्हणाले. "साखरपुडा नाही, काही नाही. त्यांचा आपला संबंध काय आता?"

त्यांचं बरोबरच होतं. अंबिकाला त्यात काही खोडून काढता येईना. पण शनिवारी त्या वेळेला ती फोन समोर ठेवून बसली. फोन वाजला नाही. तिनेही लावला नाही. पुढच्याही शनिवारी तेच. घटस्फोट झाला असता तर लोकांनी विचारपूस केली असती. इथे मोडायला मुळात काही जुळलंच नव्हतं म्हणे. मग आपल्याला एवढं का लागलंय, ते तिला कळेना. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, नावच तसलं," आणि अंबिकाने, आयुष्यात पहिल्यांदा, बहिणीचा फोन मध्येच ठेवून दिला.

रुबार्बला यातलं काही माहीत नव्हतं. ते जोरात वाढत होतं. एक दिवस मधोमध एक जाड देठ वर आला आणि त्याच्या टोकाला गाठीगाठींचा कोंब दिसला. फूल की काय? ठेवायचं की कापायचं? इंटरनेटवर विचारता आलं असतं. तिने तसं केलं नाही. कोंबाचा फोटो काढला आणि एकही शब्द न लिहिता मॅरियनबाईंना पाठवला. मग घाबरून फोन पालथा ठेवला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'कापा. अगदी बुडाशी. नाहीतर सगळी ताकद फुलात जाईल.' खाली सही नव्हती.

तिने कापलं आणि कापल्याचा फोटो पाठवला. नंतरच्या आठवड्यात मॅरियनबाईंनी आपल्या परसाचा फोटो पाठवला. काळ्या मातीतून लाल कोंब नुकते वर येत होते. अंबिकाने पाणी घालतानाचा पाठवला. मुलांबद्दल एक अक्षर नाही. ती हे फोटो शशिकांत आंघोळीला गेले की पाठवायची, आणि आपण हे लपवतोय का आणि कोणापासून, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी मोठा मेसेज आला. आयला येणार नाही हे उघड आहे, मॅरियनबाईंनी लिहिलं होतं. पण माझं तिकीट अजून आहे. मी कधी स्पेनच्या पलीकडे गेलेली नाही. यावं असं मला वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. तुम्ही सांगाल तसं करेन.

अंबिकाने तो शशिकांतांना वाचून दाखवला.

"पण कोण म्हणून यायच्या त्या?" त्यांनी विचारलं. ते चिडून बोलत नव्हते, त्यांना खरंच समजत नव्हतं. "विहीण म्हणावं तर नाहीत. मैत्रीण म्हणावं, तर तू त्यांना भेटलेलीसुद्धा नाहीस. वसाहतीत कोणी विचारलं तर सांगायचं काय?"

"मला माहीत नाही."

"वेदांतला काय वाटेल?"

"तेही माहीत नाही. पण नका येऊ, हे मला लिहिता येत नाहीये."

वेदांतला तिनेच सांगितलं. तो आधी 'व्हाय, आई?' म्हणाला, मग 'डू व्हॉट यू वॉन्ट' म्हणून त्याने फोन ठेवला. ते परवानगी म्हणून होतं की रागाने, यावर नवरा-बायको दोन दिवस बोलत राहिले.

मॅरियनबाई आल्या. शशिकांत दोह्याला विमानतळावर जाऊन त्यांना घेऊन आले. प्रत्यक्षात त्या पडद्यावरच्यापेक्षा अधिक उंच होत्या आणि एका पायाने किंचित लंगडत होत्या, हे अंबिकाला कधी कळलंच नव्हतं. दारात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. अंबिकाने हात जोडले तेव्हाच मॅरियनबाईंनी मिठीसाठी हात पसरले, मग अंबिकाने हात पसरले तर त्यांनी जोडले. शेवटी शशिकांत बॅग घेऊन दोघींच्या मधून आत गेले.

पहिला दिवस झाडापाशी गेला. मॅरियनबाई टबासमोर गुडघा सांभाळत बसल्या, पानं उलटून पाहिली, देठ दोन बोटांनी दाबून पाहिले. "मला वाटलं होतं, फोटोंत काहीतरी चलाखी असेल," त्या म्हणाल्या. समोरासमोर त्यांचं बोलणं बरंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शशिकांत फिरायला गेले होते. दोघी अंगणात चहा घेत होत्या. मॅरियनबाईंनी कप खाली ठेवला.

"अँबिका, मला एक सांगा. त्यांच्यात झालं काय?"

अंबिकानेही कप ठेवला. "मी तुम्हाला विचारणार होते."

"मुलगी मला काही सांगत नाही. मला वाटलं, वेदांतने तुम्हाला सांगितलं असेल. खरं म्हणजे मी त्यासाठीच आले. त्याने सांगितलं असेल आणि ते मला सांगण्यासारखं नसेल, तर तसं म्हणा."

"म्हणजे माझ्या मुलाने काहीतरी केलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हणाले नाही."

"माझा वेदांत तसा नाही."

"माझी आयलाही नाही," मॅरियनबाई म्हणाल्या आणि त्यांच्या गालांची लाली कानांपर्यंत पसरली.

चहा निवला. रात्री जेवताना शशिकांत एकटेच बोलत होते. उंट, समुद्र, पेट्रोलचा भाव. कोणी काही विचारत नाही हे पाहून तेही थांबले. झोपताना त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही. त्यांनाही काही माहीत नाही." आणि तिच्या लक्षात आलं, की इतके आठवडे आपण एका गोष्टीच्या आधाराने काढले होते: मॅरियनबाईंना माहीत असणार, कधीतरी त्या सांगतील. आता सांगणारं कोणीच उरलं नव्हतं.

पहाटे पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तर मॅरियनबाई रात्रीच्या झग्यावर टबांना पाणी घालत होत्या.

"ऊन वाढायला लागलंय," त्या मागे न बघता म्हणाल्या. "महिनाभरात हे जाईल. जे आहे ते आजच काढू या."

देठ कापायचा नाही, बुडाशी धरून पिळा देत ओढायचा, हे त्यांनी दाखवलं. अंबिकाचे पहिले दोन मोडले, तिसरा सपकन निघाला. बराच वेळ दोघी नुसत्या देठ काढत होत्या. पानं तोडून मॅरियनबाईंनी सगळी स्वतः एका पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकूनच परत आल्या.

"मी वेदांतला बोल लावणार होते," त्या अचानक म्हणाल्या. "काही कारण मिळालं असतं तर लावलाही असता. सोपं झालं असतं."

"मीही," अंबिका म्हणाली. "तुमच्या मुलीला. मनातून रोज लावत होते."

"मग? सापडलं काही?"

"नाही. मला तर ती आवडायची. एकदाच बोलले होते तिच्याशी, फोनवर. माझ्या कढीलिंबाबद्दल विचारत होती."

मॅरियनबाई हसल्या आणि मग त्यांनी मनगटाने डोळे पुसले. हात मातीने भरले होते. अंबिकालाही रडू आलं. मुलांसाठी की आपल्यासाठी, तिने स्वतःला विचारलं नाही.

त्या दुपारी ओव्हनमध्ये मॅरियनबाईंचं काहीतरी भाजत होतं, वर पीठ-लोण्याचा चुरा आणि खाली रुबार्ब. शेगडीवर अंबिकाने गूळ, मेथ्या आणि तिखट घालून देठांचं मेथांब्यासारखं केलं. जेवायला बसल्यावर शशिकांतांनी दोन्ही वाट्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"यात पान नाही ना?"

"एकही नाही," दोघी एकदम म्हणाल्या, एक मराठीत, एक इंग्रजीत.

त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं, थोडं थांबले, आपल्या पोटाचा अंदाज घेतला आणि मग पोळीबरोबर सगळा मेथांबा संपवला. तेवढ्यात वेदांतचा व्हिडिओ कॉल आला. अंबिकाने नवऱ्याकडे पाहिलं, मॅरियनबाईंकडे पाहिलं आणि उचलला. फोन कुठे वळवावा ते तिला कळेना, तर मॅरियनबाईच पुढे झुकल्या.

"हॅलो, वेदांत. बारीक झालायस."

"हॅलो, मॅरियन," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "तुमचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

वेदांतने वडिलांना गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल विचारलं आणि शशिकांतांनी कधी नव्हे ते सविस्तर उत्तर दिलं. फोन ठेवताना तो फक्त 'बाय, आई. बाय, मॅरियन' म्हणाला. पण दोन्ही नावं घेतली त्याने, हे अंबिकाने धरून ठेवलं.

निघायच्या दिवशी सकाळीच ऊन डोळ्यांवर येत होतं. गाडी दारात उभी होती. अंबिकाने देवघरातून हळदकुंकवाचं ताट आणलं आणि ते हातात घेऊन तशीच उभी राहिली. रात्रभर तिचं हेच चाललं होतं. ओटी भरायची तर सवाष्णीची. मॅरियनबाईंचा नवरा गेलेला. विहिणीची भरतात, पण त्या विहीण नव्हत्या. माहेरवाशिणीची भरतात, आणि त्या तर आयुष्यात पहिल्यांदाच स्पेनच्या पलीकडे आल्या होत्या. बाबा गेल्यावर तिच्या स्वतःच्या आईला कोणी ओटीला बोलावलं नव्हतं, आणि आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तेही रात्री आठवलं होतं.

"हे काय आहे?" मॅरियनबाईंनी विचारलं.

"हे... कोणी आपल्या घरातून निघालं की करतात. म्हणजे सगळ्यांना नाही. काही जणींना." ती अडखळली. "मला नीट सांगता येत नाहीये. तुम्ही शर्टाचं टोक असं पुढे धरा."

मॅरियनबाईंनी सैल शर्टाचा घेर दोन्ही हातांनी पसरला. अंबिकाने त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ. थोडे तांदूळ पायरीवर सांडले.

"यल्ला, यल्ला," शशिकांत गाडीतून अरबीत घाई करत म्हणाले. "मॅडम, विमान थांबत नाही कोणासाठी."

तांदूळ आणि खण अंबिकाने रुमालात बांधून त्यांच्या पर्समध्ये घातले. नारळ मात्र त्या सोडेनात. गाडी वळली तेव्हा अंबिकाला काचेतून दिसलं, मॅरियनबाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या आणि नारळ दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. तो खाली ठेवलेला चालतो की नाही, हे सांगायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.